वजनकाट्यावरचं आयुष्य

मैत्रिणींनो, एरंडेल आठवतंय का? माझ्या पिढीतल्या बहुतेकींना रविवारची सकाळ आणि एरंडेल ही जोडी आठवत असेल. आजी एका हातात कोऱ्या चहाचा कप आणि दुसऱ्या हातात ती चिकट वाटी घेऊन उभी. नाक दाबायचं, डोळे मिटायचे आणि एकदाचं गिळून टाकायचं. मग दिवसभर पोटात मुरडा आणि परसाकडे फेऱ्या. महिन्यातून एकदा घ्यायचं म्हटलं तरी आम्ही भावंडं माळ्यावर लपून बसायचो.

हेच एरंडेल जवळजवळ रोज पिणारा एक माणूस इंग्लंडमध्ये होऊन गेला. सकाळी गरम एरंडेल, दुपारी एखादं बिस्किट आणि घोटभर शॅम्पेन. झालं जेवण! असं त्याने वर्षाचे सात-आठ महिने आणि तेही वर्षानुवर्षं केलं. त्याला कुठला आजार नव्हता, गरिबी तर मुळीच नव्हती. तो त्याच्या काळातला देशातला सर्वांत नावाजलेला खेळाडू होता. नाव फ्रेड आर्चर, काम घोड्यांच्या शर्यतीतला जॉकी. तो गेला तेव्हा अवघा २९ वर्षांचा होता.

त्याची गोष्ट मला का आठवली ते आधी सांगते. माझ्या नात्यातली एक मुलगी कुस्ती खेळते. शाळेच्या स्पर्धेआधी ती दोन दिवस नुसत्या काकडीवर होती. श्रावणातल्या दमट दुपारी दोन स्वेटर, त्यावर आईचा रेनकोट घालून गच्चीवर पळत होती. तोंडात लवंग धरून सारखी थुंकत होती, का तर थुंकीनेही वजन कमी होतं म्हणे. तिची आई कौतुकाने बघत होती. खोटं कशाला बोलू, मीही कौतुकानेच बघत होते. काय जिद्द आहे पोरीची, असंच आम्हा दोघींना वाटत होतं. आर्चरची गोष्ट मी नंतर वाचली.

फ्रेडचा जन्म ११ जानेवारी १८५७ चा, इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमचा. वडील विल्यम आर्चर स्वतः जॉकी. फ्रेड वर्षभराचा असताना त्यांनी ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची अवघड शर्यत जिंकली होती. पुढे जवळच्याच प्रेस्टबरी गावात ते सराई चालवायला लागले. घरात घोडे, अंगणात घोडे, जेवताना गप्पा घोड्यांच्या. मुलगा दुसरं काय होणार? अकराव्या वर्षी त्याला न्यूमार्केटला धाडलं. न्यूमार्केट म्हणजे इंग्लंडमधल्या घोड्यांच्या शर्यतींचं माहेरच. तिथे मॅथ्यू डॉसन नावाच्या मोठ्या ट्रेनरच्या तबेल्यात तो पाच वर्षांच्या कराराने उमेदवारीला लागला. लिहिणं-वाचणं जेमतेम. आपल्याकडे पूर्वी पोरगं पेढीवर ठेवायचे, तसंच हे. अकरा वर्षांचं लेकरू आईला सोडून घोड्यांची लीद काढायला निघालं. डॉसनबाईंनी मात्र त्याला माया लावली, घरातल्यासारखं वागवलं.

१८७० मध्ये तो पहिली सपाट शर्यत जिंकला, तेव्हा तेरा वर्षांचा होता. दोन वर्षांनी सिझरविच ही मोठी शर्यत जिंकली तेव्हा घोड्याच्या पाठीवर खोगिरासकट जेमतेम ३५ किलो वजन होतं. आणि १८७४ मध्ये, सतराव्या वर्षी, तो देशातला पहिल्या क्रमांकाचा जॉकी झाला. तो मान त्याने मरेपर्यंत सोडला नाही. सलग तेरा वर्षं! सारे आकडे सांगायचे तर ८,०८४ वेळा तो शर्यतीत उतरला आणि २,७४८ वेळा जिंकला. म्हणजे दर तीन शर्यतींमागे एक. त्याचं नाव ऐकूनच लोक घोड्यावर पैसे लावायचे. त्याला स्वतःलाही पैशाची आवड होती. ‘टिन’ म्हणजे तेव्हाच्या बोलीत पैसा, म्हणून लोक त्याला टिन मॅन म्हणायचे.

आता गोम इथे आहे. मुलगा सतरा वर्षांचा झाला आणि मुलं वाढतात तसा वाढला. उंची जवळजवळ पावणेसहा फूट! आपल्याकडे मुलगा उंच निघाला तर आई दृष्ट काढते. जॉकीच्या घरी तेच संकट.

शर्यतीचं गणित असं असतं. कुठल्या घोड्याने किती वजन पाठीवर घेऊन पळायचं हे आधीच ठरलेलं असतं. चांगल्या घोड्याला जास्त, कच्च्या घोड्याला कमी, म्हणजे सामना बरोबरीचा व्हावा. जॉकी आपलं खोगीर घेऊन काट्यावर उभा राहतो, शर्यतीआधी आणि शर्यतीनंतरही. वजन कमी भरलं तर प्रश्न नाही, खोगिराबरोबर शिशाचे तुकडे ठेवून भरपाई करता येते. जास्त भरलं तर? माणसातून तुकडा काढता येत नाही. तो माणसानेच काढायचा. आपल्याकडे मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ चं, आर्चरच्याच काळातलं. तिथेही इंग्रजांनी हीच पद्धत आणली.

हिवाळ्यात शर्यती बंद असल्या की आर्चर माणसासारखा जेवायचा आणि त्याचं वजन ७० किलोपर्यंत जायचं. पावणेसहा फुटांच्या तरुण माणसाचं हे वजन काही जास्त नाही हो! तुमच्या-माझ्या घरातला मुलगा एवढाच असतो आणि तरी आपण त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढतो. पण मार्च उजाडला की त्याला ५५ किलोंवर यावं लागे. म्हणजे दर वर्षी पंधरा किलो उतरवायचे, आणि मग नोव्हेंबरपर्यंत तिथेच धरून ठेवायचे. त्यासाठी एरंडेल. त्यासाठी न्यूमार्केटच्या एका डॉक्टरांनी खास बनवून दिलेलं जालीम रेचक. ते ‘आर्चरचं मिक्श्चर’ म्हणूनच ओळखलं जायचं. त्यासाठी तासन्‌तास वाफेच्या खोलीत घाम गाळणं. लग्नाच्या सुमारास त्याने न्यूमार्केटला मोठं घर बांधलं आणि त्या घरातच वाफेची खोली करून घेतली. कुणी घरात देवघर बांधतं, कुणी झोपाळा लावतं. याने घाम काढायची खोली बांधली.

एवढं करून तो घोड्यावर बसला की वाघ. १८८० मधला एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. डर्बी ही इंग्लंडमधली सर्वांत मानाची शर्यत. ती काही आठवड्यांवर आली असताना म्युली एड्रिस नावाच्या चिडक्या घोड्याने आर्चरचा दंड दातात धरला, त्याला खाली पाडलं. हात निकामी झाल्यासारखाच. तो लंडनच्या नामांकित सर्जनकडे गेला. किस्सा असा सांगतात, की डर्बीला जाता येईल ना, असं त्याने विचारलं आणि डॉक्टरांनी खुशाल जा म्हणून सांगितलं. त्यांना वाटलं, हा बघायला जाणार! आर्चर हाताला आधार बांधून बेंड ऑर या घोड्यावर बसला आणि जवळजवळ एका हाताने ती शर्यत जिंकला, तीही घोड्याच्या नुसत्या डोक्याएवढ्या अंतराने. दुखण्यात पडून असताना अंगावर आलेलं वजनही त्याने त्या थोड्या दिवसांत उतरवलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपणही वाजवल्या असत्या.

धोका त्याला माहीत नव्हता असं नाही. १८७८ मध्ये थोरला भाऊ चेल्टनहॅमलाच शर्यतीत पडून गेला होता. पण पडून मरणं डोळ्यांना दिसतं. थोडं थोडं वाळत जाणं दिसत नाही, आणि दिसलं तरी तो जिंकत असताना त्याला थांबवणार कोण? मालकाचा घोडा जिंकतोय, ट्रेनरचं नाव होतंय, पैसे लावणाऱ्यांची चंगळ आहे.

१८८३ च्या जानेवारीत त्याने हेलन रोझशी लग्न केलं. ती त्याच्या गुरूंची पुतणी. तबेल्यात झाडू मारायला आलेलं पोर त्या घराचा जावई झालं. पण सुख फार टिकलं नाही. वर्षभरात पहिला मुलगा झाला आणि काही तासांतच गेला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला, म्हणजे १८८४ मध्ये, मुलगी झाली. नाव ठेवलं नेली रोझ. बाळ सुखरूप होतं, पण आईला झटके यायला लागले आणि दोन दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, हेलन गेली. बाळंतपणानंतरच्या अशा झटक्यांवर तेव्हा काही इलाज नव्हता. आर्चर पुरता खचला. मन रमावं म्हणून मित्रांनी त्याला अमेरिकेला नेलं. तान्ही नेली मागे राहिली.

परत आला तो थेट काट्यावर. १८८५ हे वर्ष त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं म्हणतात. त्या एका वर्षात २४६ शर्यती जिंकला. हा विक्रम मोडायला १९३३ साल उजाडावं लागलं. इंग्लंडमधल्या पाच मानाच्या शर्यतींपैकी चार त्या वर्षी त्याच्या. मी हे वाचलं तेव्हा मला त्या विक्रमाचं नवल वाटलं नाही, वाईट वाटलं. बायको गेल्यावर काही बायका-पुरुष घर घासूनपुसून काढतात, हात रिकामा ठेवत नाहीत, तसं काहीसं त्याचं झालं असावं. फरक एवढाच, की दुःखात माणसाला घरची माणसं बळेबळे दोन घास भरवतात. याला कोण भरवणार? भरवलं तर उद्या काट्यावर काय सांगायचं?

१८८६ मध्येही सुरुवात झोकात झाली. ऑर्मंड या घोड्यावर त्याने पाचव्यांदा डर्बी जिंकली, नंतर सेंट लेजरही जिंकली. पण केंब्रिजशर नावाची एक शर्यत त्याला कधीच मिळाली नव्हती. सगळं जिंकलं, ही एक राहिली. त्या वर्षी त्याला सेंट मिरिन हा घोडा मिळाला. त्याची मालकीण माँट्रोजची डचेस. मोठी खमकी बाई. बायकांनी आपल्या नावाने घोडे पळवणं तेव्हा बरं दिसत नसे, म्हणून ती मिस्टर मँटन या पुरुषी नावाने पळवायची! असो.

सेंट मिरिनला वजन ठरलं होतं साडेत्रेपन्न किलो, खोगीर धरून. आर्चर नुकताच आयर्लंडमधून शर्यती करून परतला होता आणि वजन बरंच वर होतं. हातात दिवस थोडे. तीन दिवस त्याने अन्नाला शिवायचंच नाही असं ठरवलं. एरंडेल, मिक्श्चर, वाफेची खोली. ऑक्टोबरची थंडी. आणि २६ तारखेला तो काट्यावर उभा राहिला तेव्हा तरीही एक पौंड जास्त भरला. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. आपला अर्धा किलोचा साखरेचा पुडाही त्यापेक्षा जड.

तो तसाच घोड्यावर बसला. शर्यत अटीतटीची झाली आणि सेलर प्रिन्स या घोड्याने सेंट मिरिनला हरवलं. अंतर, एका डोक्याचं. त्याने स्वतःचे पैसेही मोठ्या प्रमाणात त्या घोड्यावर लावले होते असं म्हणतात. तो साडेचारशे ग्रॅमचा भार नसता तर काय झालं असतं, हा प्रश्न त्याला रात्री किती वेळा पडला असेल देव जाणे.

यानंतर तरी विश्रांती? छे! उपाशी शरीराला सर्दी-ताप लागला होता, तरी ब्रायटनला गेला, मग ल्युइसला. ४ नोव्हेंबरला ल्युइसला शेवटच्या शर्यतीत हरला आणि तापातच आगगाडीने घरी आला. डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला. टायफॉइड तसा त्या काळी कुणालाही व्हायचा. पण या शरीरात त्याच्याशी झुंजायला उरलं काय होतं? वर्षानुवर्षं त्यातलं पाणी, चरबी, ताकद पिळून काढलेली. तापाने भ्रम व्हायला लागला. मी आता वाचणार नाही, हेच त्याच्या डोक्यात बसलं. त्याची बहीण एमिली उशाशी होती. ६ नोव्हेंबरला नेलीचा दुसरा वाढदिवस त्या घरात काय झाला असेल! आणि ८ नोव्हेंबरला, हेलनला जाऊन बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी, आर्चरने तापाच्या भरात स्वतःचं आयुष्य संपवलं. बहीण खोलीतच होती, झटापट करूनही तिला त्याला आवरता आलं नाही. चौकशीत ज्युरीने मन ठिकाणावर नसताना हे घडलं असा निर्णय दिला.

लंडनमध्ये वर्तमानपत्रांच्या खास आवृत्त्या निघाल्या. राजा-महाराजा गेल्यासारखे लोक रस्त्यात थांबून वाचत होते. मागे संपत्ती राहिली ६० हजार पौंडांच्या वर. त्या काळात केवढी मोठी रक्कम ही!

मृत्यूचं कारण एकच नव्हतं, हे नीट सांगायला हवं. बायकोचं दुःख होतं, टायफॉइड होता, हरल्याची टोचणी होती. पण हे सगळं पेलायला जे शरीर आणि जे मन लागतं, तेच त्याने काट्यावर ठेवून दिलं होतं. आज डॉक्टर आपल्याला समजावून सांगतात, की दोन दिवसांत उतरतं ते वजन म्हणजे चरबी नव्हे, पाणी. पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं, हृदयाला जास्त राबावं लागतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. डोकं चालेनासं होतं, चिडचिड, उदासी येते. मुलींच्या बाबतीत आणखी एक. सतत कमी खाऊन जास्त मेहनत केली तर पाळी मागेपुढे होते, कधी थांबतेच, आणि मग हाडं ठिसूळ व्हायला लागतात. पाळी थांबली म्हणजे कटकट गेली, असं खेळणाऱ्या मुलींच्या तोंडून मी स्वतः ऐकलंय. आयांनी इथे कान टवकारायला हवेत.

आणि ही काही जुनी गोष्ट नाही. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस महिन्याभरात तीन कॉलेजचे कुस्तीगीर वजन उतरवताना गेले. रबरी सूट घालून, गरम खोलीत सायकल मारत. त्यानंतर तिथल्या कॉलेजांत ते सूट आणि वाफेच्या खोल्या बंद झाल्या. तिथलीच ख्रिस्ती हेनरिक ही जिम्नॅस्ट. एका परीक्षकाने तिला वजन कमी कर असं सुनावलं होतं, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. तिने खाणंच सोडलं. १९९४ मध्ये, बावीसाव्या वर्षी ती गेली. शेवटी तिचं वजन ३० किलोच्याही आत होतं. ज्या इंग्लंडमध्ये आर्चर होऊन गेला, तिथल्या रेसकोर्सवरच्या वाफेच्या खोल्या कायमच्या बंद करायचं ठरलं ते थेट २०२१ मध्ये.

आपल्या विनेश फोगाटची ऑगस्ट २०२४ मधली ती रात्र तर तुम्ही विसरला नसाल. पॅरिस ऑलिम्पिक, ५० किलोचा गट. एरवी ती ५३ किलोत खेळायची. एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत पोहोचली. पण खेळायला ताकद हवी म्हणून थोडं खाल्लं-प्यायलं तर रात्री वजन अडीच-पावणेतीन किलोंनी वर. मग रात्रभर व्यायाम, वाफ, केसही कापले. सकाळी काटा १०० ग्रॅमने पुढे. पदक गेलं आणि शरीरातलं पाणी कमी झालं म्हणून तिला उपचारांसाठी दाखल करावं लागलं. आपण सगळ्या त्या शंभर ग्रॅमसाठी हळहळलो, नियमांना शिव्या दिल्या. त्या रात्रीबद्दल, एका बाईच्या शरीराकडून रातोरात काय काढून घेतलं गेलं त्याबद्दल, आपण फार कमी बोललो.

त्या गच्चीवरच्या मुलीचं काय झालं, असं विचाराल. वजनात बसली, पहिल्याच कुस्तीत पाय थरथरले आणि हरली. पुढच्या खेपेला ती वरच्या गटात खेळणार आहे. तिथे मुली दांडग्या आहेत, असं आई म्हणते. रेनकोट मात्र आता पावसाळ्यातच निघतो.

आर्चरला न्यूमार्केटच्या दफनभूमीत हेलन आणि त्या तान्ह्या बाळाशेजारी पुरलं. गावातली दुकानं त्या दिवशी बंद होती. घरी दोन वर्षांची नेली होती, जिने वाढदिवसानंतर दोन दिवसांनी आधी आई गमावली आणि दोन वर्षांनी, त्याच तारखेला, वडील.